सौरज्वालेची सूचना आली की मुंबईत नक्की काय थांबवायचं? रेडिओ, आरटीके आणि सोसायटीची वीज

पनवेल_लेव्हल
नमस्कार मंडळी. एक्स-वर्गाच्या सौरज्वालेची सूचना मोबाइलवर आली की तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड हजर: "आज रात्री मोबाइल बंद ठेवा, फ्रिजचा प्लग काढा, पृथ्वीजवळून घातक किरण जाणार आहेत." मूळ सूचनेत मात्र आर3, जी4 असली अक्षरं आणि यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) वेळ असते. मला तीन ठिकाणचं उत्तर हवं आहे. दुपारी हॅम रेडिओवर 7 मेगाहर्ट्झला पुणे-नाशिकशी बोलणं होतं. उलवे-पनवेल पट्ट्यात आरटीकेने (उपग्रहांच्या सिग्नलवरून सेंमीपर्यंत अचूक जागा काढायची पद्धत) खांबांची आखणी चालू आहे, तिथे 2 सेंमीच्या वर चूक चालत नाही. आणि आमची इमारत 14 मजली, दोन लिफ्ट, गच्चीवर सोलर पॅनेल. सेक्रेटरी विचारताहेत की मेन स्विच पाडायचा का. कुठल्या अक्षरावर काय करायचं?

दुपारचा_बँड
आधी अक्षरं वेगळी करा, म्हणजे अर्धा गोंधळ मिटेल. आर म्हणजे रेडिओ ब्लॅकआउट. तो थेट ज्वालेच्या क्ष-किरणांमुळे होतो. एम आणि त्याहून मोठा एक्स हे ज्वालेच्या ताकदीचे वर्ग: एम1 ला आर1, एम5 ला आर2, एक्स1 ला आर3, एक्स10 ला आर4 आणि एक्स20 ला आर5. एस म्हणजे सूर्याकडून आलेले वेगवान प्रोटॉन. त्यांची काळजी उपग्रहवाल्यांनी आणि ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांनी करायची. मुंबईत जमिनीवर आपल्याला वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र दोन्हींचं कवच आहे. जी म्हणजे भूचुंबकीय वादळ. ते ज्वालेबरोबर सुटलेला प्लाझ्माचा लोट, म्हणजे सीएमई, इथे पोचला तरच होतं. ज्वाला मोठी आणि वादळ शून्य, असंही घडतं, कारण लोट पृथ्वीच्या दिशेने असेलच असं नाही.

आता 7 मेगाहर्ट्झचं. क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात, 8 मिनिटं 20 सेकंदांत. त्यामुळे सूचना वाचेपर्यंत बँड पडलेला असतो, आधी तयारी करायला सवडच नाही. साधारण 60 ते 90 किमी उंचीवरचा डी थर एकदम दाट होतो आणि वर जाणारी लहर तिथेच शोषली जाते. हे फक्त दिवसाच्या बाजूला होतं. म्हणून पहिलं काम: यूटीसीत साडेपाच तास मिळवा. ज्वाला 18:00 यूटीसीला असेल तर इथे रात्रीचे साडेअकरा. तुमच्या बँडला तिचं काही देणंघेणं नाही. 07:00 यूटीसी म्हणजे आपले साडेबारा, आणि मुंबईत सूर्य सर्वांत वर येतो तो साधारण 12:40 च्या आसपास. तेव्हाचा फटका सर्वांत जोराचा.

शोषण ढोबळमानाने फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. 7 वर 20 डीबी गेले तर 14 वर 5 जातील आणि 28 वर सव्वाच. 80 मीटरचा बँड (3.5 मेगाहर्ट्झ) सर्वांत आधी मरतो आणि सर्वांत शेवटी उठतो. लांबच्या स्टेशनसाठी म्हणूनच वरच्या बँडवर जा. पुणे-नाशिकसाठी ही युक्ती बेभरवशाची आहे. इतक्या जवळच्या अंतराला लहर जवळजवळ सरळ वर पाठवून परत यावी लागते, आणि वरची फ्रिक्वेन्सी आयनोस्फिअर भेदून निघून जाऊ शकते. तिथे व्हीएचएफ रिपीटर बरा, डी थराचा त्याला अडथळा नाही.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते माणसं उगाच अँटेना उतरवतात तेव्हा. ब्लॅकआउटमध्ये लांबून येणारी खरखरही शोषली जाते, बँड चिडीचूप होतो आणि केबल तुटल्यासारखंच वाटतं. गच्चीवर जायच्या आधी 5 वॅटवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघा. नेहमीइतकाच असेल तर अँटेना शाबूत आहे. मग मीडियम वेव्हवर मुंबईचं स्थानिक स्टेशन लावा. ते जमिनीलगतच्या लहरीने येतं, डी थराशी त्याचा संबंध नाही. ते ऐकू आलं तर रिसीव्हरही ठीक. आर3 ला साधारण तासभर थांबा. सिग्नल झटक्यात जातो पण परत येतो हळूहळू, वरच्या बँडकडून खाली.

रोव्हर_आणि_बेस
आखणीबद्दल सांगतो. आरटीकेला खरा त्रास ज्वालेपेक्षा जी-वादळाचा आणि सूर्यास्तानंतरच्या सिंटिलेशनचा, म्हणजे सिग्नल लुकलुकण्याचा. अपवाद एक: काही ज्वाला जीपीएसच्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट फेकतात. 6 डिसेंबर 2006 ला पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूचे रिसीव्हर त्यानेच अडखळले होते. ते काही मिनिटांचं प्रकरण, एसएनआर (सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर) सगळ्या उपग्रहांचा एकदम खाली येतो. तेवढा वेळ काम थांबवायचं, बस्स.

आयनोस्फिअरमधले इलेक्ट्रॉन जितके जास्त तितका सिग्नलला उशीर. एका टीईसी युनिटमागे (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या मोजणीचं एकक) जीपीएसच्या एल1 फ्रिक्वेन्सीवर 16 सेंमी. बेस (ज्ञात जागेवरचा स्थिर रिसीव्हर) आणि रोव्हर (फिरता रिसीव्हर) जवळ असले तर दोघांना सारखाच उशीर होतो आणि वजाबाकीत तो उडतो. वादळात दोघांवरचं आकाश सारखं राहत नाही, तिथेच चूक शिरते. बऱ्याच रिसीव्हरची अचूकता 8 मिमी अधिक 1 पीपीएम (दर किमीला 1 मिमी) लिहिलेली असते. म्हणजे 10 किमी बेसलाइनवर (बेस ते रोव्हर अंतर) शांत दिवशीच 18 मिमी गेले, तुमच्या 2 सेंमीत उरलं काय? जी3 च्या वरची सूचना असेल तर लांबच्या सीओआरएसवर (कायमस्वरूपी बेस स्टेशनवर) विसंबू नका. साइटवर स्वतःचा बेस लावा, बेसलाइन 3 किमीच्या आत ठेवा, एलिव्हेशन मास्क 15 अंश (त्याखालचे, क्षितिजालगतचे उपग्रह सोडायला), आणि एल5 फ्रिक्वेन्सी घेणारा रिसीव्हर असेल तर तो चालू ठेवा.

मुंबई-पनवेल पट्टा चुंबकीय विषुववृत्ताच्या फार लांब नाही. त्यामुळे सूर्य मावळल्यावर आयनोस्फिअरमध्ये कमी घनतेचे बुडबुडे वर चढतात, आणि सिग्नल त्यांतून आला की लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा याचा हंगाम. साडेसातच्या पुढे मध्यरात्रीपर्यंत जोर. वादळ नसतानाही होतं, आणि वादळात कधी वाढतं तर कधी दबतं. तेव्हा सायकल स्लिप होतात (लहरींची मोजणी तुटते), फिक्सचा (पक्क्या उत्तराचा) फ्लोट (कच्चं उत्तर) होतो.

फ्लोट दिसला तर निदान कळतं तरी. घात करतो तो खोटा फिक्स: कंट्रोलर "फिक्स" म्हणतो आणि खांब 8 सेंमी बाजूला. उंच इमारतींच्या कडेला हे आणखी वाढतं. म्हणून अशा दिवशी दर अर्ध्या तासाला ज्ञात बिंदूवर रोव्हर उभा करा. 2 सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर आधीच्या तपासणीपासूनचे सगळे खांब परत बघायचे. प्रत्येक महत्त्वाच्या बिंदूवर फिक्स मुद्दाम तोडून नव्याने घ्या. दोन्ही वाचनं जुळली तरच खुंटी ठोका. कच्चा डेटा 1 हर्ट्झने दोन्हीकडे साठवा. आणि टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) गाडीत असू द्या, त्याला आकाशाची गरज नाही.

न्यूट्रल_अर्थ
सेक्रेटरींना सांगा, मेन स्विच पाडायचा नाही. वादळात जमिनीवर विद्युत क्षेत्र तयार होतं ते व्होल्ट प्रति किलोमीटरमध्ये मोजतात. समजा 2 व्होल्ट प्रति किमी, जे आपल्या अक्षांशासाठी भरपूर जास्त धरलंय. फ्लॅटमधल्या 20 मीटर वायरीत त्याचे 0.04 व्होल्ट होतात. 400 किमीच्या ट्रान्समिशन लाइनवर मात्र 800 व्होल्ट. हा दाब जवळजवळ डीसीसारखा असतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून प्रवाह ढकलतो, गाभा अर्ध्या सायकलला संपृक्त होतो, हार्मोनिक्स आणि रिअॅक्टिव्ह पॉवरची मागणी वाढते. 13 मार्च 1989 ला क्युबेकमध्ये हेच झालं. व्होल्टेज सावरणारे सात स्टॅटिक कॉम्पेन्सेटर एकामागून एक ट्रिप झाले, दीड मिनिटात ग्रिड कोसळलं, 60 लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात. तिथली लांब लाइन, उत्तरेचा अक्षांश आणि खालचा कठीण, वीज न वाहणारा खडक, तिन्ही गोष्टी जुळून आल्या.

लिफ्ट, फ्रिज, सोलर पॅनेल, इन्व्हर्टर यांना काही करू नका. मोबाइल बंद ठेवल्याने कुणाचं भलं होत नाही. सर्ज प्रोटेक्टर विकायला कुणी या निमित्ताने आलं तर परत पाठवा. तो विजेच्या मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी असतो आणि पावसाळ्यासाठी तो जरूर लावा, पण या प्रवाहाशी त्याचा संबंध नाही.

पनवेल_लेव्हल
धन्यवाद सगळ्यांना, फॉरवर्डला उत्तर मिळालं. एकच राहिलं: जी4 ची सूचना "उद्या किंवा परवा" अशी मोघम असते. दोन दिवस माणसं बसवून ठेवता येत नाहीत. वेळ नेमकी कशी धरायची?

अलिबागची_सुई
पूर्ण दिवस धरूच नका. लोटाला पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, फार वेगवान असेल तर 15 ते 18 तास, आणि अंदाज सहज अर्धा दिवस इकडे-तिकडे होतो. पक्की खबर मिळते ती एल1 बिंदूवरून (जीपीएसची एल1 फ्रिक्वेन्सी वेगळी), सूर्याच्या दिशेने पृथ्वीपासून 15 लाख किमीवर. आपलं आदित्य-एल1 ही तिथेच आहे. सौरवारा सेकंदाला 800 किमीने येत असेल तर तिथून इथे यायला अर्धा तास, एवढाच अवधी. थेट आलेखात दोन रेषा बघा: वेग, आणि सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, म्हणजे बीझेड. वेग एकदम उसळला म्हणजे लोट आला. पण बीझेड उत्तरेकडे, म्हणजे धन राहिला, तर वादळ फारसं चढत नाही. तो उणे 10 नॅनोटेस्लाच्या खाली जाऊन तासन्‌तास तिथेच बसला तर आखणी थांबवा. उणे-अधिक डोलत असेल तर ज्ञात बिंदूची तपासणी वाढवून काम चालू ठेवता येईल.

मुंबईचा अक्षांश कमी म्हणून वादळ इथे पोचत नाही, हा समज मात्र सोडा. मुख्य टप्प्यात पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह वाढतो, आणि आडवं चुंबकीय क्षेत्र सर्वांत स्पष्ट उतरतं ते आपल्यासारख्या अक्षांशांवरच. 2 सप्टेंबर 1859 च्या कॅरिंग्टन वादळात कुलाबा वेधशाळेच्या नोंदीत ते सुमारे 1600 नॅनोटेस्ला उतरलं होतं. त्या वादळाची तीव्रता काढायला आजही संशोधक त्याच नोंदीकडे येतात. 1904 मध्ये, विजेच्या ट्रामचा चुंबकीय गोंगाट होणार म्हणून, ते काम अलिबागला गेलं, आणि ते अजून चालू आहे. 10-11 मे 2024 चं जी5 वादळ लडाखमधल्या हानळेच्या आकाशात लाल दिसलं.

तुमच्या कामासाठी वेळापत्रक असं ठेवा: सूचना असलेल्या दिवशी खांबांची आखणी सकाळी सात ते अकरा, दुपारी टोटल स्टेशनची कामं, आणि सहानंतर आरटीके नाहीच. साइटवरच्या एका माणसाकडे एल1 चा आलेख उघडा असू द्या, दर पंधरा मिनिटांनी बघायला.