जुनी पिकअप घेतल्यावर पहिल्या वर्षात किती गेले? सीमाभागातल्यांनी खरे आकडे सांगा

येळ्ळूर
नमस्कार मंडळी. आमचं भात आणि भाजी, धाकटा भाऊ आणि मी मिळून करतो. माल मार्केटला आणि दोन दिवसाआड चोर्ला घाटातनं गोव्याला जातो, आतापर्यंत भाड्याच्या गाडीनं. पैसा सगळा भाड्यातच चाललाय म्हणून जुनी पिकअप बघालोय. एक मिळालीय, 2016 ची, बीएस फोर (धुराच्या जुन्या नियमाची), पावणेदोन टनी, मीटरवर 1 लाख 60 हजार किलोमीटर, मालक 4 लाख 10 हजार म्हणालाय. कुठली कंपनी भारी यावर भांडण नको, गाडी घेतल्यावर बारा महिन्यांत काय काय निघालं आणि किती बसलं तेवढं लिहा. आईचे दागिने ठेवून पैसे उभे करालोय, म्हणून एवढं विचारणं.

जांबोटी रोड
दादा, सगळ्यात आधी विचारा ती गाडी काय भरत होती. मी 2021 ला 3 लाख 40 ला घेतलो, रंग नवा, टायर नवे, बघूनच मन बसलं. वीटभट्टीवरची गाडी ती, हे मला चार महिन्यांनी कळलं. एक वीट तीन किलो धरा, हजार वीट म्हणजे तीन टन, आणि हौद्यात हजार विटा बसतात म्हणून लोक भरतात, रोज, वर्षानुवर्षं. त्या गाडीचे पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) सरळ झालेले असतात पण रिकामी उभी असली की आपल्याला कळत नाही. पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यात मागचा मेन पाटा तुटला, सेंटर बोल्ट कापला, एक्सल मागं सरकला आणि टायर हौद्याला घासून धूर. दोन्ही बाजूचे पाटे, बुश, यू-बोल्ट सगळं मिळून 14,500. मग मिस्त्रीनं खाली वाकून दाखवलं, पाट्याच्या हँगरपाशी चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) भेग, वर काळा रंग मारून झाकलेली. पट्टी मारून वेल्डिंग 6,000. वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढायला लावा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक सामान जळतं. दिवाळीत मागच्या एक्सलच्या हौसिंगमधनं हूं असा आवाज यायला लागला, ॲक्सिलेटर सोडला की वाढायचा, क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना जोर देणारे गेअर) गेलेला, 22,000. शेवटी क्लच 11,000. बेरीज 53,500, त्यात टायर नाहीत, इन्शुरन्स नाही. हे सगळं ओव्हरलोडचं, इंजिन बिचारं एक दिवस दगा दिलं नाही.
सपाट जागेवर गाडी लावून जमिनीपासून हौद्यापर्यंत दोन्ही बाजूला टेपनं मोजा. आणि चेसीला तेवढ्यापुरता ताजा रंग दिसला तर हात लावू नका.

लोंढा
वरच्यांचं शंभर टक्के बरोबर. माझी गाडी कारवारकडची, मासळीची. बर्फाचं खारं पाणी हौद्यातनं ठिबकून ठिबकून चेसीवर पडतं, वरनं पत्रा चकचकीत आणि आत सगळं खाल्लेलं. अनमोड घाट उतरताना ब्रेकचा पेडल सरळ खाली गेला, मागं पाइप गंजून फुटलेला. दुसऱ्या गेअरला टाकून हँडब्रेक ओढत डोंगराच्या कडेला घासून थांबवलो. शेजारी मुलगा बसला होता, नववीतला. ते आठवलं की अजून झोप जाते.
सगळे ब्रेक पाइप, मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर मिळून 9,000 च्या आसपास. पैसे काय, पण घेताना स्क्रूड्रायव्हर घेऊन चेसीला आणि पाइपांना टोचून बघितलो असतो तर दोन मिनिटात कळलं असतं. ओ येळ्ळूरवाले दादा, तुम्ही घाट करणार, तुम्ही ब्रेक आधी बघा आणि इंजिन नंतर.

चिकोडी तालुका
मी गाडी चालवत नाही पण हिशोबाची वही माझ्याकडं आहे म्हणून लिहिते. आमच्या यांनी दूध गोळा करायला घेतली, मीटर फक्त 90 हजार, आम्ही खूश. पण ती आधीपण दुधालाच होती. दिवसाला चाळीस किलोमीटर आणि थांबे पस्तीस, प्रत्येक थांब्याला बंद-चालू, क्लच दाबा, सोडा. किलोमीटर कमी म्हणजे गाडी कमी झिजली असं नसतं हे आम्हाला उशिरा समजलं. क्लच सेट 10,800. सात महिन्यांत परत घसरायला लागला, कारण पहिल्या वेळी फ्लायव्हील (क्लच ज्याच्यावर घासतो ती चकती) तसाच ठेवला होता, मग फेसिंग करून (चकती घासून सपाट करून) परत सेट, 12,400. सेल्फ (स्टार्टर) 3,200, बॅटरी 6,500. 32,900 झाले, आणि गाडी उभी राहिली ते सहा दिवस दुसरी गाडी लावून दूध पोचवलं, ते पैसे वेगळे. तो आकडा कुणी धरत नाही, तो धरा. क्लच खोलला की फ्लायव्हील आणि रिलीज बेअरिंग बघायला सांगा, मजुरी दोनदा देऊ नका.

निपाणी
यंत्राचं सगळ्यांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो. गाडी एमएच 09 ची (कोल्हापूर पासिंग) असली तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र) हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसीवर फायनान्सचा बोजा हाय का ते वाहन या सरकारी साईटवर बघून घ्या. माझ्या गाडीचं कर्ज फिटलं हुतं पण बोजा कुणी उतरवलाच नव्हता, त्यात तीन महिनं गाडी दारात. इकडं नंबर बदलायचा म्हणजे कर्नाटकाचा टॅक्स पण भरावा लागतो, तो किमतीत धरा. आठ वर्षांच्या वरची गाडी असली की फिटनेस (आरटीओची तपासणी, म्हणजे पासिंग) दरवर्षी, तुमची 2016 ची म्हणजे त्यातच आली. पासिंगच्या आधी लाइट, रिफ्लेक्टर, रंग, बारकं वेल्डिंग करत माझं दरवर्षी आठ-दहा हजार जातात.

अथणी, कृष्णाकाठ
2019 च्या ऑगस्टात आमच्याकडं आणि तिकडं सांगली-कोल्हापूरला महापूर आला, त्यात शेकडो गाड्या बुडाल्या. त्यातलीच एक मी वर्षभरानं घेतलो, मला माहीत नव्हतं. दर महिन्याला नवीन दुखणं, कधी लाइट, कधी मीटर, कधी मधेच बंद. वायरिंग दोनदा बदललो, 17 हजार. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली की समजा. मॅटच्या खाली बघा, वायरींचे जोड उघडून हिरवं पडलंय का बघा.

गॅरेज, उद्यमबागेजवळ
पंचवीस वर्षं हेच काम करालोय. येळ्ळूरकर, मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नको. बोनेटला हात लावा, गरम असेल तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठलं पाहिजे. धूर निळा राहिला तर ऑइल जळतंय, काळा असेल तर इंजेक्टर (डिझेल फवारतो तो) किंवा टर्बोची (इंजिनात हवा दाबणारा पंखा) हवा, पांढरा थांबतच नसेल तर हेड गॅस्केटकडं बघा. चालू गाडीवर ऑइलचं झाकण काढा, फसफस धूर बाहेर मारला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन-रिंग संपली. आमच्याकडं हाफ इंजिनचं (पिस्टन-रिंगचं) काम 50-55 हजाराला जातं, क्रँक गेला असेल तर 80 च्या वर. टर्बो रिकंडिशन 14 ते 18 हजार, इंजेक्टर एकेक 5 हजार. टर्बोची नळी काढून शाफ्ट बोटानं हलवून बघा, वर-खाली किंचित हललं तर चालतं, आत-बाहेर हलायला नको.
बीएस सिक्स (धुराच्या नव्या नियमाची गाडी) घेणाऱ्यांनी सायलेन्सरच्या फिल्टरकडं बघा. गावातल्या गावात हळू फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर काजळीनं तुंबतो, त्याला मधूनमधून हायवेवर अर्धा तास एका लयीत पळवावं लागतं. काढून टाका म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पासिंगला अडकाल.

येळ्ळूर
सगळ्यांचे मनापासून आभार, चिकोडीच्या वैनींचे जास्त, सहा दिवसांचा तो हिशोब मी धरलाच नव्हतो. आज मालकाला फोन करून विचारलो गाडी काय भरत होती, तर आधी म्हणाला किरकोळ माल, परत विचारल्यावर म्हणाला पाच वर्षं वाळू आणि खडी. 3 लाख 50 च्या वर जाणार नाही असं सांगितलो, तो विचार करतो म्हणालाय. रविवारी सकाळी सातला मिस्त्रीला घेऊन जातोय, टेप आणि स्क्रूड्रायव्हर आत्ताच पिशवीत टाकून ठेवलोय.