स्टेट फेअरमध्ये आता शेती उरलीय तरी का?

मक्याचा_दाणा:
आयोवा राज्यातल्या डेमॉईनला येऊन सहा वर्षं झाली. ऑगस्टात राज्याची शेतकी जत्रा, म्हणजे स्टेट फेअर भरते, ते अकरा दिवस ऑफिसात एकच विषय, फेअरला गेलेलास का आणि काडीवर काय खाल्लंस. यंदा आईबाबा आलेत म्हणून नेलं, बाबा रिटायर्ड कृषी सहाय्यक, त्यांना वाटलं अवजारं, बियाणं, जनावरं बघू. बघितलं काय तर पाळणे, गर्दी आणि जे दिसेल ते काडीला खोचून तळलेलं. २०११ ला तर इथे चक्क लोणी पिठात बुडवून तळून विकलंय! १८५४ पासूनची जत्रा आहे, शेतकऱ्यांसाठी सुरू केली होती ना? आता सरळ खाऊगल्ली म्हणा आणि मोकळे व्हा.

खडूस_काका:
ही 'पूर्वी बरं होतं'ची रडगाणी फेअरइतकीच जुनी आहेत. मुळात ही फेअरची प्रथा रुजवली कोणी, तर एल्काना वॉटसन, धंद्याने बँकवाला! १८०७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पिट्सफील्डला चौकात एल्मच्या झाडाखाली दोन मेरिनो (उंची लोकरीच्या) मेंढ्या आणून उभ्या केल्या, लोक बघायला जमले, तर याच्या डोक्यात आलं की दोन मेंढ्यांना एवढे येतात तर मोठं प्रदर्शन भरवलं तर काय होईल. मग १८१० ला गुरांचं प्रदर्शन, पुढच्या वर्षी शेतकी सोसायटी, नांगराला साठ-सत्तर बैल जुंपून मिरवणूक, बायकांनी विणलेल्या कापडाला बक्षिसं. आता सांगा, एका नांगराला एवढे बैल कशाला लागतात? तमाशाच होता तो, पण त्याच्या नादाने लोक जनावरांची चांगली जात बघून गेले.
आणि याच आयोवात १८९६ ला दोन वाफेची इंजिनं समोरासमोर आदळवली होती, १९३२ ला परत, तेव्हा एकाचं नाव हूव्हर आणि दुसऱ्याचं रूझवेल्ट, म्हणजे त्या वर्षीचे अध्यक्षपदाचे दोन उमेदवार. तळलेलं लोणी त्यापुढे सात्त्विकच म्हणायचं.

मक्याचा_दाणा:
काका, पण तेव्हा शेतीबद्दल बोलणारेही होते की. १८५९ ला मिलवॉकीच्या फेअरमध्ये लिंकन बोलला, शेतकऱ्यांची खुशामत न करता सरळ एकरी उत्पन्न, वाफेचा नांगर, शिक्षण यावर. आता निवडणुकीच्या तोंडावर नेते येतात ते पोर्क चॉप हातात धरून फोटो काढायला.

शेळीवाली_आई:
दाणा, तुम्ही फिरलात कुठल्या बाजूला? माझी लेक फोर-एचमध्ये (मुलांना शेती, जनावरं शिकवणारी संस्था) आहे, वर्षभर बोकड वाढवला, रोजचं खाणं, वजन वहीत. रिंगमध्ये जज अंगाला हात लावून पाठ, पाय तपासतो आणि हा पहिला का, तो तिसरा का हे माइकवर सगळ्यांसमोर सांगतो. ही शेतीची शाळा नाही तर काय?

बिनकांद्याचा_पोहा:
आणि मग तोच बोकड लिलावात, तिथून कत्तलखान्यात. पोरांना लळा लावायला सांगायचं आणि शेवटी चेक हातात द्यायचा. २०२२ ला कॅलिफोर्नियात नऊ वर्षांच्या मुलीला तिचा बोकड विकायचा नव्हता, आईने तो फेअरमधून नेला, तर पोलिस शेकडो मैल गाडी हाणत गेले तो परत आणायला, आणि बोकड मेलाच शेवटी. हे जपायचं का परंपरा म्हणून?

शेळीवाली_आई:
ते वाईटच झालं, त्यात वादच नाही. पण घरात मटण शिजतं ते कुठून येतं हे माझ्या पोरीला माहितीय, रडली होती ती, दोन दिवस जेवली नाही नीट, आणि पुढच्या वर्षी परत नाव दिलं. लिलावात गावातले दुकानदार, बँका बाजारभावापेक्षा जास्त बोली लावतात, ते पैसे तिच्या कॉलेजला. तुम्ही खात नसाल तर गोष्ट वेगळी.

बिनकांद्याचा_पोहा:
खात नाही. म्हणूनच बोललो.

खडूस_काका:
दाणा, बटर काऊ, ती लोण्याची गाय, तरी बघितलीत का? १९११ पासून करतात, साधारण सहाशे पौंड लोणी, आतून लाकूड आणि जाळीचा सांगाडा. लोणी बरंचसं वर्षानुवर्षं तेच, परत वापरतात.

मक्याचा_दाणा:
तीच तर बघितली, लायनीतच अर्धा दिवस गेला 😅 आत्ता बाबांना हा धागा वाचून दाखवला तर म्हणतात, मला डुकरांच्या शेडकडे नेलंसच कुठे, लांबून वास आला होता मला. रविवारी परत जावं लागणार असं दिसतंय. सकाळी लवकर गेलं तर गेटजवळ पार्किंग मिळतं का हो?