परलोकाला स्वतःचा काळ आहे, की तिथेही आपलेच पंचांग चालते?

औदुंबर:
गरुडपुराणाच्या प्रेतकल्पात यमलोकाचे अंतर 86,000 योजने दिले आहे. तेराव्या दिवशी यमदूत प्रेताला, म्हणजे पितर होण्याआधीच्या मृताच्या जीवाला, घेऊन निघतात आणि ते दिवसरात्र चालून रोज 247 योजने कापते. भागाकार केला की 348 दिवस येतात. त्यात आधीचे दिवस मिळवले की वर्ष जवळजवळ भरते, आणि आपले वर्षश्राद्धही तेव्हाच असते. वाटेतील नगरांत थांबून प्रेत घरच्यांनी दिलेला मासिक पिंड खाते. योजन 12-13 किलोमीटरांचे धरले, तर पाशाने बांधलेले, उपाशी प्रेत ताशी सुमारे सव्वाशे किलोमीटर वेगाने चालते असे मानावे लागेल. पुराणकर्त्याला वेगाशी कर्तव्य नव्हते. त्याला वर्ष जुळवायचे होते. माझे म्हणणे असे की अंतरावरून वर्ष ठरलेले नाही, सुतकी घराच्या वर्षावरून अंतर ठरले आहे, आणि म्हणून परलोकाला स्वतःचा असा काळ नाही.

खगोलप्रेमी:
आपण एकच ग्रंथ पाहून निकाल दिलात. मनुस्मृतीनुसार माणसांचा एक महिना म्हणजे पितरांचे एक अहोरात्र. हे प्रमाण कोठून आले, ते भास्कराचार्य 1150 च्या सिद्धांतशिरोमणीत सांगतात: पितर चंद्राच्या वरच्या भागावर, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या बाजूवर राहतात, आणि अमावास्येला सूर्य त्यांच्या माथ्यावर असतो. चंद्राच्या त्या बाजूवर अमावास्येला खरोखरच मध्यान्ह असते आणि तेथील एक अहोरात्र सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे असते. तेव्हा दर अमावास्येचे दर्शश्राद्ध म्हणजे पितरांचे रोजचे दुपारचे जेवण, आणि आपण वर्षातून एकदा केलेले श्राद्ध त्यांना दर बारा दिवसांनी मिळते. हा काळ सुतकावरून ओढूनताणून काढलेला नाही.

औदुंबर:
भास्कराचार्यांचे गणित निर्दोष आहे, परंतु त्याने अडचण वाढते. मनू संपूर्ण कृष्णपक्षाला पितरांचा दिवस म्हणतो, तर भास्कराचार्यांच्या हिशेबाने त्यांचा सूर्योदय कृष्णपक्षाच्या मध्यावर होतो. तेही सोडून देऊ. प्रेत असेपर्यंत जीव आपल्या दिवसांनी चालतो आणि पितर झाल्यावर महिन्याच्या दिवसाने जगतो; हा बदल घडवते कोण, तर सपिंडीकरण, म्हणजे घरातलाच एक विधी. तो मुळात वर्षाने करायचा, पण आता बहुतेक घरी बाराव्यालाच उरकतो. म्हणजे बाराव्या दिवशी पितर झालेला माणूस तेराव्या दिवशी यमलोकाकडे निघतो. या क्रमाची संगती कोणीतरी लावून दाखवावी.

उपनिषद्वाचक:
संगती लावण्याची गरजच नाही, कारण मधला प्रवासच नाही. बृहदारण्यकात (4.4.3) दृष्टांत आहे तो गवतावरच्या अळीचा: ती एका पात्याच्या टोकाला पोचते, दुसऱ्या पात्याचा आधार धरते आणि मगच अंग ओढून घेते. योजने आणि नगरे ही श्रोत्याला धाक बसावा म्हणून आहेत.

खगोलप्रेमी:
मग श्राद्ध कोणाला पोचते?

उपनिषद्वाचक:
पुराणांनीच उत्तर दिले आहे: जीव ज्या योनीत गेला असेल, तिथल्या आहाराच्या रूपाने. मात्र त्याच उपनिषदात पुढे (6.2) पितृलोक आणि चंद्र यांचा मार्गही येतो, हे आपण म्हणण्याआधी मीच मान्य करतो, तो मार्ग मी उपासनेसाठी सांगितलेला समजतो.

न्यू जर्सीकर:
औदुंबर यांच्या मताला माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. श्राद्धाची तिथी कर्त्याच्या गावी अपराह्णकाळी कोणती आहे, त्यावरून ठरते. त्यामुळे पुण्यातला भाऊ आणि मी एकाच वडिलांचे श्राद्ध कधीकधी वेगवेगळ्या तारखांना करतो, आणि दोन्ही ठिकाणी वडिलांचे नाव आणि गोत्र उच्चारून त्यांना बोलावले जाते. आम्हा दोघांच्या गुरुजींना यात काही वावगे वाटत नाही. परलोक हा आपल्याच पंचांगाचा नकाशा असता, तर त्यांना कोणते तरी एकच पंचांग लागले असते. बोलावल्या जागी आणि बोलावल्या वेळी येणाऱ्याला योजनांचे बंधन नाही, तसेच चंद्रावरच्या घराचेही नाही.

औदुंबर:
दोन तारखांना येणे जमते ते बोलावणारे दोन आहेत म्हणून. काळ अजूनही बोलावणाऱ्याच्याच घरचा आहे.