पासवर्ड तोच, सर्व्हर नवा, तरीही पोस्टग्रेस आत घेत नाही

प्रश्न : पेढीचा_हिशेबनीस

नमस्कार. मशीद बंदर येथील मसाल्याच्या एका घाऊक पेढीत मी हिशेबाचे काम पाहतो आणि दुसरे कोणी नसल्यामुळे संगणकाचेही. आमचे बिलिंगचे सॉफ्टवेअर जावामधील आहे आणि त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरवर आहे. जुन्या सर्व्हरवर उबुंटू 20.04 आणि पोस्टग्रेस 12 होते. उबुंटूच्या त्या आवृत्तीला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या 2025 मध्ये थांबल्या, म्हणून गेल्या रविवारी नवा सर्व्हर बसवला, त्यावर उबुंटू 24.04 सोबत येणारे पोस्टग्रेस 16 घातले आणि पीजी_डंपऑल या पोस्टग्रेसच्याच प्रत काढण्याच्या साधनाने सर्व डेटाबेस व युजर जसेच्या तसे आणले.

सोमवारी सकाळपासून पेढीतील सहाही संगणकांवर 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर युजर बिलिंग' असा संदेश येतो. भिवंडीच्या गोदामातून व्हीपीएनने जोडल्यास मात्र बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट' असे दिसते. सर्व्हरवर बसून पोस्टग्रेस युजरने पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला आज्ञा देण्याचा प्रोग्राम) उघडले तर सर्व तक्ते व्यवस्थित दिसतात, त्यामुळे पासवर्ड चुकलेला नाही याची मला खात्री आहे. शोधाशोध केल्यावर कोणत्या पत्त्यावरून कोणाला कसा प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलच्या शेवटी सर्व पत्त्यांसाठी एमडी5 (पासवर्ड पडताळण्याची जुनी पद्धत) अशी एक ओळ घातली आणि रीलोडही केले, पण काडीचाही फरक पडला नाही. एका परिचितांनी तिथे 'ट्रस्ट' लिहिण्यास सुचवले आहे. दोन दिवस बिले हाताने लिहितो आहोत, टेम्पोवाले दारात खोळंबले आहेत आणि शेठ दर अर्ध्या तासाने विचारणा करत आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : लॉग_आधी_वाचा

आपल्याकडे एक नव्हे, दोन स्वतंत्र बिघाड आहेत आणि ते एकत्र धरल्यामुळे गुंता वाढला आहे. पेढीतील संगणक पोस्टग्रेसच्या दारापर्यंत पोहोचतात आणि तिथे नाकारले जातात. भिवंडीचा संगणक दारापर्यंत पोहोचतच नाही. पोर्ट 5432 वर कोणी ऐकत नसेल तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असा नकार बहुधा तत्काळ येतो. बराच वेळ शांतता आणि मग टाइमआउट, याचा अर्थ बहुतेक वेळा वाटेतील फायरवॉल काहीही न कळवता पॅकेट टाकून देत आहे. तेव्हा भिवंडी तूर्त बाजूला ठेवा.

आता पासवर्डविषयी. सर्व्हरवर बसून पीएसक्यूएल उघडते, यावरून पासवर्ड बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही. उबुंटूवर त्या वाटेसाठी मुळातच 'पीअर' पद्धत असते, म्हणजे लिनक्सवरील युजरचे नाव आणि डेटाबेसमधील युजरचे नाव जुळले की पासवर्ड न विचारताच प्रवेश मिळतो. शिवाय आपण पोस्टग्रेस या युजरने आत गेलात आणि अडतो आहे तो बिलिंग हा युजर.

वापरणाऱ्याच्या पडद्यावर येणारा संदेश मुद्दामच त्रोटक ठेवलेला असतो. युजर अस्तित्वात नसला, पासवर्ड चुकला किंवा पासवर्डची मुदत संपली, तरी बाहेरच्याला एकच वाक्य दिसते, कारण अंदाज बांधत बसलेल्या घुसखोराला त्यातून काही कळू नये. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, त्याच वेळेच्या नोंदीखाली 'डिटेल' या शब्दापुढे लिहिलेले असते आणि पीजी_एचबीए.कॉन्फमधील कितवी ओळ लागू झाली तेही तिथेच सांगितलेले असते. त्या दोन ओळी येथे द्याव्यात. युजरचा हॅश (पासवर्डऐवजी साठवलेले त्याचे सांकेतिक रूप) मात्र कृपा करून कुठेही चिकटवू नका.

पेढीचा_हिशेबनीस

लॉगमध्ये असे आहे : 'युजर बिलिंग डझ नॉट हॅव अ व्हॅलिड स्क्रॅम सीक्रेट.' त्याखाली ओळ क्रमांक 127 लागू झाल्याचे म्हटले आहे. ती ओळ 192.168.1.0/24 साठी, म्हणजे पेढीतील संगणकांच्या पत्त्यांसाठी असून तिच्यापुढे स्क्रॅम-शा-256 (पासवर्ड पडताळण्याची नवी पद्धत) लिहिलेले आहे. मी घातलेली ओळ 131 वी आहे.

उत्तर : लॉग_आधी_वाचा

मग निदान झालेच. पोस्टग्रेस 12 मध्ये पासवर्ड ठरीव (डीफॉल्ट) सेटिंगनुसार एमडी5 हॅश करून साठवले जात. आवृत्ती 14 पासून ठरीव सेटिंग स्क्रॅम-शा-256 झाले. पीजी_डंपऑल पासवर्ड आणत नाही, साठवलेला हॅश जसाच्या तसा आणते. त्यामुळे नव्या घरात जुन्याच कुलपाची किल्ली आली. ओळ 127 स्क्रॅमच मागते, साठवलेला हॅश एमडी5चा आहे आणि हॅशवरून मूळ पासवर्ड काढता येत नसल्यामुळे सर्व्हर स्वतःहून त्याचे रूपांतर करू शकत नाही. पासवर्ड अचूक टाकला तरी नकार येतो तो यामुळे.

आपली 131 वी ओळ निरुपयोगी ठरली, कारण ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ अंतिम ठरते. तिथे प्रवेश नाकारला गेला तर सर्व्हर पुढच्या ओळीकडे वळत नाही. ती ओळ आजच काढून टाका; सर्व पत्त्यांना दार दाखवणारी ओळ विसरून राहिली की कधी तरी महागात पडते.

उत्तर : रात्रपाळी_ठाणे

निदानाशी सहमत आहे. क्रमाबाबत मात्र थोडे सांगतो, कारण नवा पासवर्ड लगेच ठेवल्यास आपण आगीतून फुफाट्यात पडण्याची शक्यता आहे. जावाचे जुने बिलिंग सॉफ्टवेअर म्हणजे बहुधा जुना जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) आणि 42.2.0 च्या आधीच्या ड्रायव्हरला स्क्रॅम समजत नाही. ड्रायव्हर तसा जुना असेल तर हॅश बदलल्यावर 'ऑथेंटिकेशन टाइप 10 इज नॉट सपोर्टेड' असा संदेश येईल.

म्हणून आज संध्याकाळी फक्त ओळ 127 मधील पद्धत एमडी5 करा आणि रीलोड करा. त्यासाठी रीस्टार्ट लागत नाही. एमडी5 लिहिलेली ओळ दोन्ही प्रकारचे हॅश स्वीकारते, त्यामुळे बिले सुरू होतील. सॉफ्टवेअरवाल्यांकडून नवा ड्रायव्हर आल्यावर पीएसक्यूएलमध्ये पासवर्ड या आज्ञेने तोच पासवर्ड पुन्हा ठेवा (या आज्ञेत हॅश आधीच तयार होऊन जातो, म्हणून साधा पासवर्ड लॉगमध्ये उमटत नाही) आणि सर्व युजरचे हॅश बदलल्यावरच ओळ पुन्हा स्क्रॅमवर आणा. हे काम फार लांबवू नये, कारण 2025 मध्ये आलेल्या आवृत्ती 18 पासून एमडी5 पासवर्ड कालबाह्य ठरवले गेले आहेत.

'ट्रस्ट' मात्र लिहू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. त्या ओळीत बसणाऱ्या पत्त्यावरून येणारा कोणीही, सुपरयुजरच्या नावानेसुद्धा, पासवर्डशिवाय आत येतो आणि आपल्या उधारीच्या खतावण्या उघड्या पडतात. मी एका ठिकाणी तात्पुरते लिहिलेले ट्रस्ट चौदा महिन्यांनी काढले आहे. लिहिणारा मीच होतो.

पेढीचा_हिशेबनीस

आपणा दोघांचेही आभार. ओळ 127 बदलून रीलोड करताच सहाही संगणक सुरू झाले. 131 वी ओळ काढली. फायरवॉलमध्ये 5432 साठी मी फक्त 192.168.1.0/24 ला परवानगी दिली होती. व्हीपीएनचे पत्ते 10.8.0 ने सुरू होतात हे लक्षातच आले नव्हते. ती परवानगी दिल्यावर भिवंडीहून 'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री फॉर होस्ट 10.8.0.6' असा संदेश क्षणात आला. नकार असला तरी तो सर्व्हरचाच नकार आहे हे ओळखून चक्क हायसे वाटले. 10.8.0.0/24 साठी तूर्त एमडी5ची ओळ घातली आणि गोदामातून पहिले चलन निघाले.

सॉफ्टवेअरवाल्यांनी नवा ड्रायव्हर शनिवारी देण्याचे कबूल केले आहे. हॅशची यादी तपासता एमडी5चे आणखी दोन युजर निघाले. एक रोजच्या बॅकअपचा आहे. दुसरा कोणाचा, हे शेठनाच विचारावे लागेल.