देशमुखांच्या वाड्यातली फोर्ड नेमकी कोणत्या सालची? (अंबाजोगाई भाग)

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या देशमुखांच्या वाड्यात मागच्या गोठ्यात एक जुनी फोर्ड पडून आहे. टप कधीच गेला, सीटच्या स्प्रिंगा वर आल्यात, पण चाकं शाबूत, तारेचे आरे. अख्ख्या भागात पहिली मोटार हीच, असं सगळे जुने लोक सांगतात. घरच्यांनी करोडगिरी नाक्याची एक उर्दू पावती जपलीय, तिच्यावर साल १३३९ आहे. एकजण म्हणतो हे हिजरी, म्हणजे १९२०-२१. वाडा पुढच्या उन्हाळ्यात उतरवायलेत आणि शाळेची स्मरणिका निघायलीय (शाळेची जागा याच घराण्यानं दिलेली), त्यात खरं ते छापायचंय. कुणाला काही सांगता येईल का?

बालाघाटी:
दादा, निजामाच्या कचेरीत फसली साल, म्हणजे सारा-महसुलाचं वर्ष, चालायचं. फसलीत ५९० मिळवा, वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणजे १३३९ फसली हे १९२९-३०. करोडगिरी म्हणजे संस्थानची जकात, इंग्रजी मुलखातून माल आत आला की भरावीच लागायची, त्यामुळं पावती खूप मोलाची आहे, आधी तिचे चांगले फोटो काढून ठेवा. गाडी बहुतेक बार्शी लाइटनं लातूरला उतरली असणार, ती छोटी रेल्वे १९११ लाच लातूरपर्यंत आली होती. आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला आपला हाली सिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, चालायचा नाही, त्याला कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयेच, द्यावे लागायचे, शंभर कलदारला साधारण ११६ हाली. घरात हिशोबाच्या मोडी वह्या असतील तर गाडीला किती दिले हा आकडा नक्की सापडंल, शोधाच.

जुनी_चाकं:
पावतीवर हिजरी का फसली हे गाडीच सांगंल. आत बसून खाली बघा. फोर्डचं जुनं मॉडेल टी असंल तर तीन पेडल, डावं क्लचचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं, आणि गिअरचा दांडा नाहीच. त्याच्या नंतरचं मॉडेल ए असंल तर मधोमध गिअरचा दांडा असतो. तारेची चाकं शेवटच्या शेवटच्या टीला पण मिळायची, म्हणून नुसत्या चाकावर जाऊ नका. मग इंजिनच्या डाव्या अंगाला, पाण्याचा पाइप जिथं ब्लॉकमध्ये शिरतो त्याच्या वर सपाट जागेवर नंबर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्यानं हळू पुसा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका, अक्षरं जातील. नंबरच्या आधी ए किंवा सीए असंल तर मॉडेल ए. सीए म्हणजे कॅनडाचं इंजिन, आपल्याकडं फोर्ड जास्त करून तिथूनच यायच्या. मॉडेल ए डिसेंबर १९२७ च्या आधी बाजारातच नव्हती.

शेतकरी_परळी:
गाडीचं लिहा, जरूर लिहा, पण एक विनंती आहे भाऊ. त्या काळी आमच्याकडं वाड्यातली मोटार निघायची म्हटलं की आदल्या दिवशी वेठीला माणसं बोलवायचे, रस्त्यातले धोंडे काढायला, ओढ्यात गाडी रुतली की बैल आणि खांदे लावायला. मजुरी नाही, भाकर आपल्या घरची. आमच्या आज्यानं हे केलंय. त्याच घराण्यानं शाळेला जागा दिली हे पण खरंय, आम्ही त्याच शाळेत शिकलो, त्याची जाण आहे. पण स्मरणिकेत नुसतं दानशूर दानशूर लिहून वेठबिगारीवाले वगळले तर अर्धा गाव वगळल्यासारखं होतंय.

मांजराकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन बघितलं. मधोमध दांडा आहे, वरची गोटी झिजून गुळगुळीत झालीय. नंबर पुसायला बराच वेळ लागला, पण सीए स्पष्ट दिसलं, पुढचे दोन आकडे गंजलेत. म्हणजे गाडी मॉडेल ए, हिजरीचा विषयच संपला, १९२९-३० पक्कं. शेतकरीभाऊ, तुमचं पटलं. घराण्यातल्या काकूंजवळ विषय काढला तर त्या स्वतःच म्हणल्या, अडलेल्या बाया याच गाडीतून दवाखान्यात नेल्या हे सगळे सांगतात, पण रस्ता कुणी केला हे कुणी विचारत नाही. वेशीबाहेरच्या वस्तीत दोघंतिघं नव्वदीचे आहेत, वडिलांबरोबर पोरपणी वेठीला गेलेले. रविवारी त्यांच्याकडं बसून मोबाइलवर रेकॉर्ड करणार आहे. मोडी वाचणारं कुणी अंबाजोगाई-लातूरकडं असंल तर सांगा, वह्यांचं एक गाठोडं खरंच निघालंय.

बालाघाटी:
मला मोडी येतं. रविवारी मी पण येतो, वह्या उन्हात टाकू नका तोवर.