खिडक्यांच्या सफाईचा दर फ्लॅटवर ठरवावा, खिडकीवर की वेळेवर?

प्रश्न (वाकड, पुणे)

नमस्कार. वाकड, पिंपळे सौदागर आणि हिंजवडी या भागांत घरांच्या आणि छोट्या दुकानांच्या काचा-खिडक्या साफ करण्याचे काम मी स्वतंत्रपणे करतो. पूर्वी एका हाउसकीपिंग एजन्सीत पगारावर होतो, त्यामुळे कामाचा सराव आहे. भाव सांगण्याचा मात्र नाही. सध्या वन बीएचकेला ५००, टू बीएचकेला ७०० आणि थ्री बीएचकेला ९०० रुपये असा सरसकट दर घेतो. अडचण अशी की एखाद्या टू बीएचकेत चार साध्या स्लायडिंग खिडक्या निघतात आणि दीड तासात काम उरकते. दुसऱ्या टू बीएचकेत बाल्कनीचे दोन मोठे काचेचे दरवाजे, प्रत्येक खिडकीला जाळीचा पल्ला, बाहेर बॉक्स ग्रिल आणि त्यात कबुतरांनी साठवलेली घाण असते आणि अख्खा दिवस तिथेच जातो. दोन्हीकडे हाती येतात ते सातशेच.

दर वाढवून सांगितला की "अॅपवर याहून स्वस्तात होते" किंवा "आमच्या मावशी शंभर रुपयांत पुसून देतात" असे ऐकावे लागते. गिऱ्हाइकाला लुबाडल्यासारखे वाटू नये आणि मलाही पदरमोड करावी लागू नये, असा भाव काढण्याची काही रीत आहे का? शिवाय एका सोसायटीने जिन्यातल्या आणि लॉबीतल्या काचांचे काम विचारले आहे. तिथे जीएसटीचे काय करायचे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (घोडबंदर रोड, ठाणे)

फ्लॅट हे माप आधी सोडून द्या. आपण विकतो तो आपला वेळ, आणि तो खिडकीच्या रचनेवर व तिच्यावरच्या घाणीवर अवलंबून असतो. बेडरूम किती आहेत याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. तरीही गिऱ्हाइकाला तासाचा दर सांगू नये असे माझे मत आहे, कारण मग त्यांचे लक्ष काचेपेक्षा घड्याळाकडे राहते आणि ज्याचा हात चपळ आहे त्याचेच नुकसान होते. तासाचा दर आपल्या वहीत ठेवावा आणि गिऱ्हाइकाला खिडकीचा दर सांगावा.

वहीतला दर असा निघतो. समजा घरखर्च, मुलांची फी आणि थोडी शिल्लक धरून महिन्याला ३०,००० रुपये घरी न्यायचे आहेत. पेट्रोल, गाडीची देखभाल, मोबाइल, साबण, मायक्रोफायबरची कापडे, स्क्वीजीची (काचेवरचे पाणी ओढून काढायच्या पट्टीची) रबरे, स्क्रॅपरची ब्लेड आणि अधूनमधून मोडणारी काठी यांचे ६,००० धरा. वर्षाचे ४,३२,००० झाले. आता साप्ताहिक सुट्टी, आजारपण आणि सणवार वजा करा, आणि पाऊस कोसळत असताना बाहेरची काच पुसायला कोणी बोलावत नाही हेही लक्षात घ्या. वर्षाला २४० दिवसांपेक्षा जास्त काम धरू नये. म्हणजे दिवसाला १,८०० रुपये सुटले पाहिजेत. आठ तासांच्या दिवसात खिडकीवर हात जेमतेम पाच तास चालतो, कारण बाकीचा वेळ वाहतुकीत, गेटवरच्या नोंदीत, पडदे काढण्यात आणि सोफे सरकवण्यात जातो. तेव्हा तासाला ३६० रुपये पडतात, आणि रिकाम्या दिवसांसाठी व नव्या अवजारांसाठी थोडे वर धरून ४००. तुमचे आकडे वेगळे येतील, पण रीत हीच.

या दराने तुमचेच दोन फ्लॅट तपासून पाहा. दीड तासाच्या फ्लॅटला ६०० रुपये पडतात, म्हणजे तिथे तुम्ही शंभर रुपये जास्त घेता. अख्ख्या दिवसाच्या फ्लॅटला पाच तासांचे २,००० पडायला हवेत, आणि तिथे तुम्ही तेराशे सोडून येता. लुबाडणुकीचा प्रश्न तुम्ही विचारलाच आहे म्हणून सांगतो की सरसकट दरात साध्या खिडक्यांचे गिऱ्हाईक नकळत दुसऱ्याच्या बॉक्स ग्रिलचे पैसे भरत असते, आणि तरीही तुमचा दिवस तोट्यातच जातो.

आता प्रत्येक प्रकारच्या खिडकीला लागणारा वेळ काही दिवस लिहून काढा. तीन ट्रॅकची खिडकी, म्हणजे काचेचे दोन पल्ले आणि जाळीचा एक, दोन्ही बाजूंनी व ट्रॅकसह करायला मला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून तिचा दर २०० रुपये. त्यात काचेला लागणारा वेळ सर्वांत कमी असतो आणि ट्रॅकला सर्वांत जास्त. ट्रॅकमध्ये पाणी घालण्याआधी कोरड्या ब्रशने आणि छोट्या व्हॅक्यूमने धूळ काढून घ्यावी लागते. नाहीतर तिचा चिखल होतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो. खालच्या चौकटीत पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती या चिखलाने बुजली की पावसाळ्यात पाणी ट्रॅक ओलांडून घरात येते, आणि लोक समजतात की खिडकी गळते आहे. मी ही भोके तारेने मोकळी करून, पेलाभर पाणी ओतून ते बाहेर जाते हे गिऱ्हाइकाला दाखवतो. त्यानंतर "मावशी शंभर रुपयांत करतात" हे वाक्य सहसा ऐकू येत नाही, कारण मावशी काच पुसतात आणि आपण खिडकी साफ करतो हा फरक त्यांना डोळ्यांनी दिसलेला असतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीवर, विशेषतः एक्झॉस्ट फॅनच्या आसपास, तेलकट थर असतो. तिला दीडपट वेळ धरा. बॉक्स ग्रिलचा आणि टॉयलेटच्या लुव्हर पट्ट्यांचा (एकाखाली एक तिरक्या बसवलेल्या काचांचा) दर वेगळा सांगा. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेचे काम तर काचेच्या कामात धरूच नये: ती आधी भिजवून, तोंडाला मास्क लावून काढावी लागते, कारण कोरडी खरवडली तर तिची धूळ श्वासात जाते. आणि एका खेपेचा किमान आकार, समजा ५०० रुपये, पक्का ठेवा. नाहीतर एका खिडकीसाठी हिंजवडीच्या चौकात अडकून पडाल.

उत्तर २ (कोथरूड, पुणे)

मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव असून दरवर्षी अशी कामे देत असतो, म्हणून देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. दर जास्त आहे म्हणून काम नाकारल्याचे प्रसंग आमच्याकडे कमी आहेत. दरात काय धरले आहे ते कळले नाही म्हणून वाद झाल्याचे पुष्कळ. एका कंत्राटदाराने लॉबीच्या काचा आतून साफ केल्या आणि बाहेरून करण्याचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा समितीने पुढच्या वर्षी त्याला बोलावले नाही. तुमच्या कोटेशनमध्ये काचांची संख्या, आतून की दोन्हीकडून, वर्षातून किती वेळा, शिडी व पाणी कोणाचे आणि पैसे किती दिवसांत द्यायचे, या गोष्टी स्पष्ट लिहा. समितीची बैठक बहुधा महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे बिल मंजूर व्हायला वेळ लागतो. तो उशीर सोसता येईल असा दर आधीच धरलेला बरा.

कराबद्दल थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावून पैसे घेणे कायद्याला धरून नाही, तेव्हा सोसायटीने आग्रह केला तरी साधेच बिल द्या. सोसायटीला मात्र कंत्राटी कामाच्या पैशांतून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापावा लागतो: एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांच्या वर गेली किंवा वर्षभराची बेरीज १ लाखाच्या वर गेली, तर व्यक्तीला १ टक्का. पॅन दिला नाही तर हाच दर २० टक्के होतो, म्हणून बिलावर पॅन लिहायला विसरू नका. कापलेली रक्कम बुडत नाही. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करायची असेल तर ती आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि विनामूल्य होते. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो दलाल समजावा.

उत्तर ३ (नाशिक)

ठाण्याच्या दादांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून आपल्याला किती हवे एवढेच समजते. समोरचा किती देईल ते समजत नाही. आमच्याकडे नाशिकला खिडकीला २०० रुपये सांगितले तर दार लावून घेतील. माझा अनुभव असा आहे की दर वाढवण्यापेक्षा वाया जाणारे तास कमी करणे सोपे पडते. एका सोसायटीत एकाच दिवशी चार-पाच घरे घेतली तर पाच तासांचे सहा-साडेसहा तास होतात आणि तेवढ्याच कमाईला तासाचा दर कमी पुरतो. म्हणून मी एकट्या घराचा दर आणि एका इमारतीत तीन घरे जमल्यास लागणारा दर असे दोन दर सांगतो. मग शेजाऱ्यांना जमवण्याचे काम गिऱ्हाईकच करते.

दुकानांचे गणित वेगळे आहे. दर्शनी काच रस्त्याच्या पातळीवर असते, जाळी नाही, ट्रॅक नाही, आणि दर आठवड्याला केली तर घाण साठतच नाही. अशा ओळीने असलेल्या दुकानांचा मी महिन्याचा दर ठरवतो आणि सकाळी दुकाने उघडण्याच्या सुमारास एका फेरीत सगळी उरकतो. एका दुकानाचे पैसे थोडे दिसतात, पण पावसाळ्यात घरची कामे बंद पडली की महिना याच पैशांवर निघतो.

एका गोष्टीत मात्र कधीही सरसकट दर सांगू नका: नव्या किंवा नुकत्याच रंगवलेल्या घराच्या खिडक्या. काचेवर सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे थेंब आणि स्टिकरचा गोंद असतो, आणि ते ब्लेडने काढावे लागतात. काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, असेल तर तापवताना तिच्या पृष्ठभागावर बारीक कण चिकटलेले असू शकतात. ब्लेड फिरवले की ते कण सुटून ओरखडे ओढतात आणि दोष आपल्या माथी येतो. कोपऱ्यात टफन्ड काचेचा शिक्का असतो, तो आधी पाहा. एका कोपऱ्यात करून दाखवा आणि ब्लेड वापरण्याची संमती लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर घेतली तरी चालेल. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही असेच फसवे असतात. ताजे असतील तर सायट्रिक अॅसिडच्या सौम्य पाण्याने जातात, पण जुन्या डागांनी काचच खाल्ली गेली असेल तर सफाईने ती पूर्ववत होत नाही. बाजारात मिळणारे बाथरूमचे तीव्र अॅसिड अशा वेळी वापरू नका. अॅल्युमिनियमची चौकट आणि खालचा संगमरवर दोन्ही खराब होतात, आणि त्याची भरपाई कोणत्याही दरात बसत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. जुन्या गिऱ्हाइकांना एकदम दुप्पट-तिप्पट दर कसा सांगायचा? आणि सातव्या मजल्यावर ग्रिल नसलेल्या खिडक्यांच्या बाहेरच्या काचेचे काम आले आहे. गिऱ्हाईक "वर काय घ्यायचे ते घ्या" म्हणत आहे. त्याचा दर किती धरावा?

उत्तर १ (घोडबंदर रोड, ठाणे)

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. कठड्यावर उभे राहून करायच्या कामाला दर नसतो. ते घ्यायचेच नाही. बहुतेक स्लायडिंग पल्ले आतून वर उचलून ट्रॅकमधून काढता येतात आणि घरात ठेवून दोन्ही बाजूंनी धुता येतात. मात्र काचेचे वजन कमी समजू नका: दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो भरते. पाच मिलिमीटर जाडीचा चार फूट बाय अडीच फुटांचा पल्ला म्हणजे नुसती काच साडेअकरा किलोंच्या आसपास, चौकट वेगळी. वरच्या मजल्यावर हे काम दोघांनीच करावे आणि मदतनिसाची मजुरी दरात धरावी. पल्ला निघत नसेल किंवा काच कायमची बसवलेली असेल, तर ते दोरीवर काम करणाऱ्या प्रशिक्षित लोकांचे काम आहे. त्यांच्याकडे आयएस ३५२१ मानकाचे पूर्ण अंगाचे हार्नेस आणि वेगळी सुरक्षा दोरी असते. गिऱ्हाइकाला तसे सांगून नम्रपणे नकार द्यावा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. अजून घेतले नसेल तर घ्या, पण त्या भरवशावर कठड्यावर चढू नका.

जुन्या गिऱ्हाइकांसाठी कामाचे दोन भाग करा. पहिल्या वेळी ट्रॅक, जाळ्या आणि ग्रिलसह पूर्ण सफाई, तिचा दर वर सांगितल्याप्रमाणे. पुढे दोन-तीन महिन्यांनी फक्त काचा आणि जाळीवरची धूळ, तिचा दर निम्म्याच्या आसपास, कारण घाण साठलेली नसल्याने वेळही तेवढाच लागतो. ज्यांच्याकडे साध्या खिडक्या आहेत त्यांचा दर या हिशेबात कमीच होईल, तेव्हा त्यांना आधी फोन करा. इतरांना गणपतीच्या आधी कळवा, म्हणजे दिवाळीच्या गर्दीपर्यंत त्यांना विचार करायला वेळ मिळतो. कोणी घासाघीस केली तर दर उतरवू नका, काम कमी करा: "ग्रिल या वेळी सोडून देतो, मग एवढ्यात होईल." दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात दर वाढवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. मी नेहमीच्या लोकांचा दर तसाच ठेवतो आणि आयत्या वेळी येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला त्यानंतरची तारीख देतो. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक खिडकीचा मोबाइलवर फोटो घ्या आणि आधीपासून असलेले ओरखडे गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दाखवा.