मदत हवी आहे: घरचा माल ऑनलाइन विकायचाय, अकाउंट अडकलंय

उनसावली
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. घरचा माल ऑनलाइन विकायचा आहे. दोन ॲपवर विक्रेता म्हणून नोंदणी करायला गेलो. आधार, पॅन, बँक सगळं भरलं, पण तिसऱ्या पानावर गाडी अडते ती अडतेच. चार दिवस झाले. हेल्पलाइनवाले तेच वाक्य ऐकवतात. माल तयार आहे, आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आली. कोणतं ॲप चांगलं एवढंच सांगा. "आधी बाजाराचा अभ्यास करा" वगैरे कृपया नको.

तापीकाठ
माल कोणता? कुठून पाठवणार?

भुसावळ_जंक्शन
तिसऱ्या पानावर मागतात काय ते लिही ना भाऊ. आम्ही काय पंचांग घेऊन बसलोय का?

उनसावली
जीएसटी नंबर मागतात. तो नाही. घरगुती माल आहे म्हटलं ना. चोपडा तालुका.

आपली_अहिराणी
गोधडी बी घरगुतीच न् लोणचं बी घरगुतीच. आधी काय इकानं शे ते सांग ना भाऊ.

उनसावली
बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, उडदाचे पापड, थोडा काळा मसाला. आई आणि दोन मावश्या करतात. आता तरी ॲपचं नाव सांगा.

डिजिटल_दादा
ॲपच्या नादी लागूच नका. स्वतःची वेबसाइट काढा, रील टाका, जाहिरात चालवा. माल घरात ठेवायचीसुद्धा गरज नाही, ऑर्डर आली की दुसऱ्याच्या गोडाऊनमधून परस्पर पाठवायचा. मी यावर क्लास घेतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भुसावळ_जंक्शन
दादा, त्याच्या आईने कुरडया गच्चीवर वाळत घातल्यात. दुसऱ्याचं गोडाऊन कुठून आणलंत मधेच?

हिशेबनीस
मूळ मुद्द्यावर येतो. पूर्वी ॲपवर विकायचं तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नंबर लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात छोट्या विक्रेत्यांना सूट आहे. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि फक्त महाराष्ट्रातच विकणार असशील, तर नंबर न घेता जीएसटीच्या पोर्टलवर एनरोलमेंट क्रमांक मिळतो. पॅन लागतो, फी नाही. ॲपच्या अर्जात एनरोलमेंटवाल्यांसाठीची वेगळी खूण शोध, बहुतेक खालच्या बाजूला बारीक अक्षरात असते. सुरतच्या नातेवाइकाला ॲपवरून एक पाकीट जरी गेलं, तरी ही सूट संपली.

पारोळेकर
चूक. पापडावर जीएसटीच नाही, मग नोंदणी कशाला?

हिशेबनीस
पापड करमुक्त, मान्य. यादीत "कोणत्याही नावाने ओळखला जाणारा पापड" असंच लिहिलंय, त्यामुळे बिबड्यांचं भागेल. पण मसाल्यावर ५ टक्के आहे आणि तो विकतोय त्याच दुकानात. कुरडईवरून सीए लोकांचीच जुंपते. म्हणून म्हणतो, एनरोलमेंट घे आणि मोकळा हो.

पारोळेकर
माझा भाचा तीन वर्षं काही न घेता व्हॉट्सॲपवर विकतोय.

हिशेबनीस
व्हॉट्सॲप म्हणजे ॲपवरचं दुकान नव्हे. धागा परत वाचा.

केळीबाग
बिबड्यात काय ठेवलंय? केळीचे वेफर्स काढा. जळगावच्या केळीला २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालंय. प्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि त्या योजनेत आपल्या जिल्ह्यासाठी ठरलेलं पीक केळीच.

उनसावली
काका, आमच्याकडे केळी नाही. कोरडवाहू ज्वारी आहे.

सुगरण_धुळे
ज्वारी तीन दिवस भिजवता की एकच? आजकाल लोक तयार पिठाचे बिबडे करतात, त्यांना तो आंबूस वास येत नाही. आणि लसूण घालत असाल तर पाकिटावर लिहा. माझी एक जैन गिऱ्हाईक त्यावरून तुटली.
बरं, खायचा माल आहे तर अन्न परवाना काढलात का? मी काढला तेव्हा छोट्यांच्या नोंदणीला वर्षाचे १०० रुपये होते. पाकिटावर तो १४ आकडी नंबर, हिरवा ठिपका, वजन, एमआरपी, कधी बनवलं, कधीपर्यंत खावं, पत्ता, फोन, सगळं छापावं लागतं. मी पहिल्या लॉटला नुसतं "घरगुती" असं स्टिकर चिकटवलं होतं, सगळी पाकिटं परत फोडावी लागली. आणि पहिले दोन महिने घरपोच रोखीचा पर्याय बंद ठेवा. लोक मागवतात आणि दारातून परत पाठवतात, जाण्यायेण्याचं भाडं आपल्या बोकांडी.

उनसावली
परवाना नाही. आजच भरतो. तीन दिवस भिजवतात ताई, लसूण आणि तीळ दोन्ही असतात.

आपली_अहिराणी
तीन दिवस! बठ्ठं बरोबर शे मंग.

तापीकाठ
कुरडई कशात पाठवणार, हे कोणी विचारलंच नाही. खोक्याची मापं टाक.

उनसावली
किराणा दुकानातून आणलेलं खोकं आहे. वजन ३ किलोच भरतं, भाडं कितीसं लागणार?

तापीकाठ
वजन नको, मापं सांग. लांबी, रुंदी, उंची, सेंटीमीटरमध्ये. हलका पण फुगीर माल असला की कुरिअरवाले काट्यावरचं वजन धरत नाहीत. तिन्हींचा गुणाकार करून ५००० ने भागतात, जे जास्त येईल त्याचं भाडं लावतात. मी नागलीचे पापड पाठवायचो, त्यात वाचलो, कारण ते चवडीने बसतात. कुरडईत नुसती हवा.

उनसावली
४५, ३५, ३०. म्हणजे ९.४५ किलो?? मी ३ किलोचं भाडं धरून भाव लावले होते.

तापीकाठ
तरी बरं, आधीच कळलं. बिबडे आणि पापड चपट्या खोक्यात पाठव, मसाल्याचं वेगळं पाकीट कर. कुरडई सध्या चोपडा, अमळनेर, जळगाव इथेच हातोहात दे. ऑनलाइन द्यायचीच असेल तर पुढच्या घाण्याला लहान पाडायला सांग, तळहाताएवढी. डब्यात एकावर एक बसतात आणि चुराही कमी होतो.

पारोळेकर
लहान कुरडई म्हणजे काय कुरडई?

उनसावली
एनरोलमेंटची खूण सापडली, क्रमांक आला, हिशेबनीस दादांचे आभार. तिसरं पान पार झालं. चपटी खोकीही बघून आलो. आईला म्हटलं, कुरडई तळहाताएवढी पाड. ती म्हणते, खोकं मोठं आण.